मामाच्या मिशांसाठी वऱ्हाडात

बुलढाणा जिल्ह्यात पाहण्यासारखं पुष्कळ आहे. लोणारचं खारं सरोवर आहे, सिंदखेडराजा आहे, घाटातली जंगलं आहेत. मी यांतलं काहीच पाहिलं नाही. मी पुण्याहून तिकडे गेलो तो मामाला मिशा आहेत की नाहीत, एवढं पाहायला.

वाचकांना हसू आलं तर त्यांनी खुशाल हसावं. पण मिशांचं हे प्रकरण समजायचं, तर आधी माझ्याबद्दल थोडं सांगावं लागेल, आणि ते सांगायला मला शेहेचाळीस वर्षं लागली.

मी टपालखात्यात पत्रं वर्गवारीने लावण्याचं काम करतो. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, मूल नाही. या एकोणीस वर्षांत माझ्या बायकोने, कमलने, काय केलं नाही? दोनदा इस्पितळात जाऊन गर्भाची पिशवी साफ करून घेतली. तेव्हा मी बाहेर बाकावर बसून केळी खाल्ली. वैद्याचा कडू काढा तिने वर्षभर घेतला. धाकट्या बहिणीच्या डोहाळजेवणात तिला स्वयंपाकघरातच गुंतवून ठेवलं गेलं. मी बाहेरच्या पंगतीत बसून जिलेबी मागून घेतली. आणि सतरा वर्षं ती दर सोमवारी कडक उपास करते आहे. साबुदाणासुद्धा नाही.

मी काय केलं? मी आठवड्यातून एकदा दाढी करायचो, आणि पाती किती कमी लागतात ते ऑफिसात कौतुकाने सांगायचो. उन्हाळ्यातही सदऱ्याखाली जाड बनियन घालायचो, कारण छाती थोडी बायकी भरलेली आहे. या गोष्टींचा आणि पाळणा न हलण्याचा काही संबंध असेल असं मनात आलं नाही, असं मी लिहिणार होतो. ते खोटं आहे. आलं होतं. मी ते येऊ दिलं नाही.

शेवटी छातीत गाठीसारखं दुखू लागलं, म्हणून मुंबईच्या एका डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी रक्त घेतलं, बरंच काही तपासलं, आणि माझा धंदा विचारून त्याच भाषेत समजावलं. "पुरुषपणाचा जो रस शरीर तयार करतं, तो तुमच्यात चांगला तयार होतो. टपाल वेळेवर निघतं. पत्ता बरोबर, तिकीट बरोबर. पण ज्या घरी ते पोचतं, तिथे दार नीट उघडत नाही. काही घरांत अर्धं पत्र वाचलं जातं, काही घरांत नाहीच. म्हणून मिशा विरळ, छाती भरलेली, आणि मूल नाही."

"औषध?" मी विचारलं.

"इंजेक्शनांनी थकवा थोडा कमी होईल, हाडांना बरं. मुलाची आशा मी देणार नाही. आणि छातीतली गाठ वाढली तर ताबडतोब यायचं." मग त्यांनी कागद पुढे ओढला. "हे बहुधा आईकडून येतं. आईला स्वतःला काही त्रास नसतो. तिच्याकडे गुणसूत्रांची जोडी असते, एक बरं, एक असं. कुठल्या मुलाला कुठलं जाईल, तो नशिबाचा भाग. एका भावाला भरघोस मिशा, दुसऱ्याचा ओठ कोरा, असंही होतं. तुमचे मामा आहेत?"

मला मामा होते. माझे वडील नांदुऱ्याला रेल्वेत होते, त्यांचं लग्नही तिकडचंच. मी पाच वर्षांचा असताना त्यांची बदली दौंडला झाली, पुढे आई गेली आणि आजोळ असं तुटलं, की मामांची नावंही मला आठवत नव्हती. डॉक्टरांनी हाताने एक तक्ता आखून दिला: नाव, नातं, वय, मिशा, छाती, मुलं, शेरा. "भरून आणा. तुम्हालाही कळेल, मलाही."

ही गोष्ट या प्रवासाच्या चार महिने आधीची. चार महिने तो तक्ता माझ्या खणात होता आणि कमलला मी काहीही सांगितलं नव्हतं. त्या चार महिन्यांत तिचे सोळा सोमवार झाले. सगळे मामा मिशाळ आणि लेकुरवाळे निघाले तर डॉक्टर चुकले असं म्हणता येईल, आणि मग कमलला सांगण्यासारखं काही उरणारच नाही, अशा हिशेबाने मी निघालो. कमलला म्हणालो, आजोळची माणसं पाहून येतो. तिने दशम्या बांधून दिल्या आणि म्हणाली, "तिकडे एखादं जागृत देवस्थान असेल तर विचारून या."

नांदुरा ते देऊळघाट

नांदुऱ्याला उतरलो तेव्हा हिवाळ्याचं कोवळं ऊन होतं. स्टेशनाबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग, सगळीकडे पांढरे पुंजके उडत होते. महाराष्ट्र राज्य होऊन दहा-बारा वर्षं झाली होती, तरी चहावाला मला "आइये साब" म्हणाला, आणि मी मराठीत बोलल्यावर "बसा जी" म्हणाला. वऱ्हाडात हा 'जी' सगळ्यांना मिळतो. पुण्यात माणसाला आधी लायकी सिद्ध करावी लागते.

एसटी मोताळा मागे टाकून राजूरचा घाट चढली. घाट चढताच हवा बदलते. बुलढाणा वर पठारावर आहे, आणि थंडीच्या बाबतीत मिजास करतं. शेजारच्या शेतकऱ्याने विचारलं, "कोण्या गावाले?"

"देऊळघाटच्या पुढच्या वाडीला."

"कोणाकडे?"

मी कोणाचा कोण ते आधी सांगायचं नाही, गुपचूप पाहायचं, असं मी ठरवलं होतं. हे ठरवताना मला मी फार हुशार वाटलो होतो.

वाडी

वाडी माळ्यांची. पन्नासेक घरं, मधे मारुतीचा पार, खाली पैनगंगेच्या अंगाला वांग्या-मिरच्यांचे मळे. मी पारावर बसलो, रेक्झिनची बॅग मांडीवर ठेवली, तक्ता काढला, पेन काढलं. चार माणसं जमली. मी त्यांच्या ओठांकडे पाहत अत्यंत सभ्यपणे विचारलं, "आपलं नाव? वय? मुलं किती?"

चौघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"पोरं?" पहिला म्हणाला. "नाही जी. एकही नाही."

मी लिहिलं: मिशा भरघोस, मुलं नाहीत. दुसऱ्याच्या मिशा तर पहिल्याहून भारी होत्या. "मलेही नाही," तो म्हणाला. "देवाची मर्जी." तिसरा दगडू नावाचा, रुंद छातीचा, कल्लेदार. त्याच्या धोतराला एक शेंबडं पोर लोंबकळत होतं.

"हा कोणाचा?"

"हा शेजाऱ्याचा हाये," दगडू म्हणाला. पोर म्हणालं, "बाबा, घरी चाल ना."

विहिरीवरून घागर घेऊन एक बाई येत होती. ती तिथूनच ओरडली, "काऊन हो, सकाळी तं चार होते! दुपारी शेजाऱ्याचे झाले?"

दगडूने पोराला काखोटीला मारलं आणि तो निघून गेला. पाठोपाठ बाकीचे तिघे. पाहता पाहता गल्ली ओस पडली, दारांच्या कड्या आतून लागल्या. माझ्या तक्त्यात तीन जवान, मिशाळ, निपुत्रिक माळी होते. डॉक्टरांचं शास्त्र बुडालं होतं, आणि मला जो आनंद व्हायला हवा होता तो होत नव्हता.

तेवढ्यात मळ्याकडून एक म्हातारा वर आला. पाठीत वाकलेला, डोक्यावर वांग्यांची टोपली. तोंड तुळतुळीत. रोज घोटल्यासारखं नव्हे, कधी उगवलंच नाही तसं.

"मले लिहा," तो पारापाशी थांबून म्हणाला. "सुखदेव. वय साठाच्या वर. लेकरू नाही."

मी चिडलो होतो. "हो, हो. इथे कोणालाच नाही."

"मले खरंच नाही. तेच सांगाले थांबलो. त्या कामासाठी मले जीपमंदी घालून नेसान, तं तुमचीच मेहनत वाया जाईन."

"कुठल्या कामासाठी?"

"अजून कोणत्या? नसबंदीच्या. मागच्या पंधरवड्यात साहेब आला होता, अशीच बॅग, असाच कागद. पोरं किती, म्हणून पुसे. तीनच्या वर सांगतलं का जीपमंदी."

माझ्या मागच्या भिंतीवर कुटुंबनियोजनाचा लाल तिकोन रंगवलेला होता. मी त्याच्या बरोबर खाली बसलो होतो. ज्यांना चार-चार पोरं आहेत ते ती लपवत होते, आणि ज्याला एकही नाही असा साहेब ती मोजत होता.

मी तक्ता मिटला. "मी साहेब नाही," मी म्हणालो. "मी पार्वतीचा मुलगा. दौंडचा."

म्हाताऱ्याने टोपली खाली ठेवली. माझ्याकडे नीट पाहिलं, माझ्या ओठांकडे जरा जास्तच वेळ पाहिलं, आणि वाकून माझ्या पायांवर डोकं ठेवलं.

पुण्याकडे भाचा मामाच्या पाया पडतो. वऱ्हाडात मामा भाच्याच्या. हे मी विसरलो होतो. मी पाय मागे घ्यायला गेलो, तर तो म्हणाला, "राहू दे. पार्वतीचं लेकरू हाये तू. दोन दिस असेच पाय दिसत राह्यले पाह्यजे घरात."

तासाभरात सगळ्या कड्या उघडल्या. दगडू धावत आला. तो माझ्या थोरल्या, वारलेल्या किसनमामाचा मुलगा, म्हणजे माझा मामेभाऊ निघाला. त्याने रात्रीच्या जेवणाचं आमंत्रण दिलं, आणि दारात चारही पोरं ओळीने उभी करून म्हणाला, "घ्या भाऊ, हे सगळे शेजाऱ्याचे." भिंतीवर किसनमामाची तसबीर होती. मिशा तसबिरीच्या चौकटीला टेकतील अशा.

एका भावाला भरघोस मिशा, दुसऱ्याचा ओठ कोरा. मी जेवायला बसलो. बेसनाच्या पातोडीचा रस्सा इतका तिखट होता, की डोळ्यांतलं पाणी कोणाला वेगळं ओळखू आलं नाही.

मळा

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, सुखदेवमामाने मला मळ्यात नेलं. कापसाच्या वाळल्या काड्यांचा, म्हणजे पऱ्हाटीचा जाळ केला, त्यात आठ-दहा हिरवी वांगी भाजली, सालं काढून लाकडी ठोंब्याने हिरव्या मिरच्यांसकट ठेचली, वर कांद्याची पात. सोबत ज्वारी-उडदाच्या कळण्याची जाड भाकरी. पुण्यात आम्ही वांग्याच्या भरतात दही घालतो, असं मी सांगितलं. मामाने जाळात एक काडी सारली आणि म्हणाला, "असू दे. आजारी माणसं असतीन."

खाताना मी त्याला सगळं सांगितलं. डॉक्टर, टपाल, न उघडणारं दार. तो भाकरी मोडत ऐकत होता.

"म्हंजे हाक येते," तो म्हणाला, "पण ज्याले मारली थो बहिरा हाये."

"तसंच. कोणी पूर्ण बहिरा, कोणी अर्धा."

"मी अर्ध्याच्या वर असन." त्याने हसून स्वतःच्या छातीवर थाप मारली. सदऱ्याखाली त्याला बनियन नव्हतं. सगळं दिसत होतं आणि त्याला त्याचं काही नव्हतं. "आन हे पाठीचं?"

"हाडंही त्यामुळे ठिसूळ होतात म्हणे."

"अस्सं. मले वाटे टोपल्यानं झालं."

तेवढ्यात बांधावरून एक बाई आली. पंचावन्नच्या पुढची, काष्टा घट्ट, हातात रिकाम्या टोपल्या. दर शनिवारी मामाचा भाजीपाला नेऊन ती रविवारी बुलढाण्याच्या बाजारात विकते. मामाने ओळख करून दिली, "हे अंजनाबाई. देऊळघाटची."

"थे काय सांगतीन," अंजनाबाई जाळापाशी बसत म्हणाल्या. "हे माहे पहिले मालक होत."

माझा घास अडकला. ठेचलेल्या मिरचीचा तुकडा नको तिथे गेला. त्यांनी माझ्या पाठीत दोन बुक्के घातले आणि मामाला म्हणाल्या, "नाजूक हाये तुमचा भाचा. कोण हा?"

"पार्वतीचा. थो बी माह्यासारखाच हाये. डाक्तरनं सांगतलं."

असं, एका वाक्यात. जे मी चार महिने बायकोपासून लपवलं, ते मामाने बाजाराच्या भाजीवालीला वांगी मोजता मोजता सांगून टाकलं. अंजनाबाईंनी माझ्याकडे पाहिलं, त्यांना नवल वाटलेलं दिसलं नाही.

मग गोष्ट त्यांनीच सांगितली. लग्नाला सहा वर्षं झाली, मूल नाही. सासू बोले, गाव बोले. पंचांनी ठरवलं, अंजनीला माहेरी धाडायची आणि सुखदेवचं दुसरं करायचं. पारावर बैठक बसली.

"आन हे उठले," त्या म्हणाल्या. "मले वाटलं, आता मान डोलवतीन. तं यायनं पटका काढून पारावर ठेवला आन म्हणे का, अंजनीत खोट नाही. खोट माह्यात हाये. तिचा पाट लावून द्या, दुसरा चांगला माणूस पाहून."

"तुम्हाला कसं कळलं होतं?" मी मामाला विचारलं. "तेव्हा तर कुठला डॉक्टर?"

"आरसा होता ना घरात," मामा म्हणाला.

"आणि गाव?"

"गावानं आठ दिस हासून घेतलं," अंजनाबाई म्हणाल्या. "मंग गाव दमलं. गावाले बी कामं असतात ना भाऊ. माहा बाप मेलेला, भाऊ नाही. तं पाटाच्या वक्ती भावाच्या जागी कोणी उभं राहाले पाह्यजे. हेच राह्यले. साडी-चोळी यायनंच नेसवली. आता तीन पोरं हायेत मले, तिघंही यायले मामा म्हणतात."

मी त्यांना गुणसूत्रांचं सांगितलं. हे आईकडून येतं, आईला स्वतःला काही होत नाही, वगैरे. ते सांगताना माझ्या आवाजात थोडा दिलासा आला असावा. अंजनाबाईंनी तो बरोबर पकडला.

"वा रे वा," त्या म्हणाल्या. "म्हंजे खोट पुरुषात निघाली, तरी आणली बाईनंच! इकडून पाह्यलं तं बायकोनं, तिकडून पाह्यलं तं मायनं. तुम्ही कुठी होते हो तवा?"

मी भरताकडे पाहिलं.

"तुमच्या मंडळीले सांगतलं का?"

"नाही अजून."

"कधी कळलं तुम्हाले?"

"चार महिने झाले."

"आन थे काय करून राह्यली?"

"सोमवार धरते," मी म्हणालो. "मुलासाठी."

अंजनाबाई उठल्या. टोपलीत वांगी भरायला लागल्या. मग त्या मामाला म्हणाल्या, "पुण्यात पार नसतीन वाटते."

"घरातल्या घरात सांगायचं," मामा म्हणाला, "त्याले पार कायले पाह्यजे?"

तो इतक्या साधेपणाने म्हणाला, की टोमणा नव्हता हे मला कळलं. त्याला खरंच प्रश्न पडला होता.

परत

रविवारी अंजनाबाईंच्याच बैलगाडीतून बुलढाण्याच्या बाजारात आलो. त्यांनी माझ्या रेक्झिनच्या बॅगेत वांगी भरली, तक्त्याच्या वर. "मंडळीले द्या. दही घालू नका म्हणा." वाडीतून निघताना मामाने पुन्हा माझ्या पायांवर डोकं ठेवलं. या वेळी मी पाय मागे घेतले नाहीत, पण तो उठल्यावर मी वाकलो. आजूबाजूचे लोक हसले. मामाच्या पाया पडणारा भाचा त्यांनी पाहिला नव्हता. मामाला फार अवघडल्यासारखं झालं. "बह्याड हाये थोडा," तो लोकांना म्हणाला, "पुण्याचा हाये."

सोमवारी दुपारी घरी पोचलो. कमलने बॅग उघडली, वांगी काढली, खालचा तक्ता काढला. वांग्यांनी तो ओला झाला होता, तरी वाचता येत होता. "हे काय?"

मी सांगितलं. उभ्याउभ्याच. गाडीत तयार केलेली वाक्यं एकही आठवली नाहीत, म्हणून मामाचंच वापरलं. "तुझ्यात खोट नाही. माझ्यात आहे. चार महिन्यांपासून मला माहीत आहे."

ती खाली बसली. मला वाटलं रडेल, आणि रडली तर काय करायचं तेही मी ठरवून आलो होतो. ती रडली नाही. तिने एक वांगं हातात घेतलं, फिरवून पाहिलं.

"चार महिने," ती म्हणाली.

"हो."

"म्हणजे मी आज जेवले तर चालेल."

तिने शेगडी पेटवली. वांगी भाजली. मामाची कृती मी सांगत गेलो, तिने दही घातलं नाही. भाकऱ्या केल्या, एकच ताट घेतलं आणि सोमवारी, भर दुपारी, सतरा वर्षांनी, ती माझ्यासमोर बसून जेवली. दोन भाकऱ्या खाल्ल्या, तिसरी घेतली. मला वाढायला ती उठेल म्हणून मी वाट पाहत होतो. माझाही सकाळपासून चहाच झाला होता.

तिने ताट पुसून खाल्लं, हात धुतला, आणि पदराला पुसत म्हणाली, "आता सोमवार तुम्ही धरा."

डॉक्टरांना दुरुस्त केलेला तक्ता आवडला. इंजेक्शनं चालू आहेत, छातीतली गाठ वाढलेली नाही, थकवा थोडा कमी आहे. मात्र सोमवारी तो जाणवतो. आजपर्यंत अकरा सोमवार झाले. किती करायचे ते कमलने सांगितलेलं नाही आणि विचारण्याचं धाडस मी केलेलं नाही. हेही सोमवारीच लिहितो आहे. कमल समोर जेवते आहे. भरीत छान झालंय, असं आत्ताच म्हणाली.